आठ किलोचा बोकड

मी तिसरी पास हाय. चौथीत मास्तर म्हणाले पाढा चुकला, मी म्हणालो चुकला न्हाय, अन् तिथंच माझी शाळा संपली. पाढा खरंच बरोबर होता का, हे मी आजवर कुणाला विचारलेलं न्हाय. गरज पडली न्हाय. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी कॉम्प्युटरचं सांगणार हाय, अन् वाचणारा म्हणंल ह्या म्हाताऱ्याला त्यातलं काय कळतं. कळतं. नातीनं मला समजावून सांगितलं हे खरं, पण ते सगळं मला आधीपासून येत होतं. कॉम्प्युटरच्या पोटात बी तेच चालतं, एवढंच ठाऊक नव्हतं.

सुरुवात बोकडापासून करावी लागंल.

आमच्या जिल्ह्यातली शेळी म्हणजे काळी कुळकुळीत, उंच, लांब कानाची. दुसऱ्या जिल्ह्यांतून लोक ती न्यायला येतात. त्यातला माझा बोकड म्हणजे काळ्यातला काळा. पाच गावांच्या शेळ्या त्याच्याकडं यायच्या. मी त्याला कधी बांधला न्हाय. बांधायची असतात ती जनावरं, ज्यांना आपलं घर ठाऊक नसतं. माझा बोकड सकाळी माझ्या मागं निघायचा, दिवसभर आपल्या मनानं हिंडायचा अन् दिवे लागायच्या आत माझ्या आधी घरी यायचा. बायको म्हणायची, दोघांत वक्तशीर तोच हाय.

एकदा मी त्याला शेळ्यांच्या बाजारात नेला. विकायला न्हाय, दाखवायला. तिथं एका व्यापाऱ्याकडं झाडाला टांगलेला घड्याळी काटा होता. गोल तबकडी, पन्नास किलोची, अन् पन्नासाच्या जागी परत शून्य. काटा तिथं अडावा म्हणून एक खिळा असतो, तो कधीचा तुटलेला. व्यापाऱ्यानं बोकड झोळीत घालून टांगला. काटा सुसाट निघाला, पन्नास ओलांडून परत शून्यावरनं पुढं आला अन् आठावर थांबला. व्यापारी गिऱ्हाइकाशी बोलण्यात गुंतलेला. त्यानं वळून बघितलं अन् म्हणाला, आठ किलो. मी त्याला म्हणालो, आठ किलोचं ह्याचं एक तंगडं हाय, बाकीचा बोकड काय वाऱ्यावर लोंबकळतोय? सारा बाजार हसला. अठ्ठावन्न किलोचा बोकड अन् आठ सांगतो.

ही गोष्ट मी नंतर लई वेळा सांगितली. खरं सांगायचं तर रोज सांगितली. सांगायची जागा म्हणजे आमच्या गावाजवळचा ढाबा.

नळदुर्गाकडून हैदराबादकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून तो ढाबा हाय. मालक माझ्या बायकोच्या माहेरचा. नात्यानं भाऊ न्हाय, गावानं भाऊ. तिच्याकडून राखी बांधून घेतो अन् मला दाजी म्हणतो. ढाब्यात कडुलिंबाखाली एक बाज माझी. माझी म्हणजे तिच्यावर दुसरं कुणी बसलं की मालक त्याला उठवतो. दुसऱ्या गिऱ्हाइकाला भलेही जेवायला उभं राहावं लागो. मी त्या बाजेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरांना आठ किलोच्या बोकडाची गोष्ट सांगायचो, अन् बोकड तिथंच कोबीची पानं खात उभा असायचा. पुरावा समोर असल्यावर गोष्टीला वजन येतं.

त्या दिवशी बी तसंच झालं. सकाळी बोकड अन् मी ढाब्यावर गेलो. मी मधी शेताकडं जाऊन आलो, दुपारी पाण्याच्या टाकीवर तोंड धुतलं, बाजेवर आडवा झालो. उठलो तर ऊन उतरलेलं. बोकड दिसला न्हाय. म्हणालो, गेला असंल घरी. त्या दिवशी ढाब्यात मटण केलेलं होतं. मालक म्हणाला, दाजी, जेवूनच जावा. मी जेवलो. चांगला दोनदा रस्सा मागून घेतला. वर म्हणालो बी, "आजच्यासारखं मटण तुझ्या ढाब्यात कधी झालं न्हाय."

घरी आलो तर बायको दारात. म्हणाली, बोकड कुठं हाय?

मला दोनदा मागून घेतलेला रस्सा आठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव धुंडाळलं, वढा बघितला, पाचही गावांत निरोप धाडले. मग ढाब्याच्या मागं गेलो, तर भिंतीवर काळं कातडं वाळत घातलेलं. मी ते कातडं बघून घरी आलो अन् बायकोला सांगितलं, तुझ्या भावानं बोकड कापला. तिनं विचारलं, कशावरनं? मी म्हणालो, कातडं काळं हाय. ती म्हणाली, अवं, ह्या जिल्ह्यात पांढरी शेळी दाखवा मला. मी म्हणालो, हे तुझं माहेर बोलतंय.

नुसता बोकड गेला असता तर मी सोसलं असतं. पण बोकड ढाब्यात शिजला असंल, तर तो मी खाल्ला होता. वर रस्सा मागून घेतला होता. वर तारीफ केली होती. गावात हे कळलं तर मेल्यावर बी लोक सांगत बसतील. मी जेवण सोडलं. पोटावर हात ठेवला की आतून कुणी शिंगं घासतंय असं वाटायचं. मला एवढंच कळायला पाहिजे होतं, की मी माझा बोकड खाल्ला की न्हाय.

ढाब्यावर जाऊन मी मालकाला सरळ विचारलं न्हाय. मी म्हणालो, तुझ्याकडं मटण कुठनं येतं? तो म्हणाला, का दाजी? मी म्हणालो, असंच. त्यानं हातातला झारा खाली ठेवला. मग म्हणाला, "दाजी, कॅमेरा लावलेला हाय. मनात काय असंल ते त्याच्यात बघून घ्या."

कॅमेरा त्यानं ट्रकांचं डिझेल चोरीला जायचं तवा लावला होता. एक डोळा मागच्या खांबावर, त्यात स्वयंपाकघराची मागची बाजू अन् ट्रक उभे करायचा तळ दोन्ही दिसतात. पहाटे ढाबा उघडला की तो चालू, बंद झाला की बंद, अन् सबंध दिवसाची एकच फाईल. पण कॅमेऱ्याचं डबडं कुठल्या तरी स्वस्तातल्या कंपनीचं. त्याचा पडदा उन्हानं गेलेला, अन् त्याची फाईल दुसऱ्या कुठल्या मोबाईलवर, कॉम्प्युटरवर लागत न्हाय. त्याची भाषाच निराळी.

इथं माझी नात आली. ती धाराशिवच्या कॉलेजात कॉम्प्युटरचं शिकते. तेव्हा परीक्षेच्या आधीच्या सुट्टीला घरी आलेली. तिनं मालकाला मागं कधी तरी शब्द दिला होता, की मी ती फाईल उलगडणारा प्रोग्राम लिहून देते. सी नावाच्या भाषेत अर्धा लिहून बी ठेवला होता. मालकानं डबड्यातली डिस्क काढून दिली, साबणाच्या दोन वड्यांएवढी. ती घेऊन आम्ही घरी आलो.

नात ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसली अन् मी तिच्या डोक्यावर उभा राहिलो. ती म्हणाली, आबा, तुम्ही बसा, वेळ लागंल. मी म्हणालो, मी उभाच बरा. ती काय काय बडवत होती अन् मी दर थोड्या वेळानं विचारत होतो, दिसला का? शेवटी तिनं प्रोग्राम चालवला. पडद्यावर एक आकडा आला अन् प्रोग्राम बंद पडला.

मी विचारलं, काय म्हणतोय? ती म्हणाली, फाईल केवढी हाय ते सांगतोय. मी विचारलं, केवढी? ती म्हणाली, उणे दीडशे कोटीच्या पुढं.

मी म्हणालो, म्हणजे काय? डबड्यात जे हाय ते काहीच न्हाय त्याच्यापेक्षा बी कमी हाय? एवढं शिकून तुला फाईल बी धड मोजता येईना? रिकाम्या पोत्यात निदान काही न्हाय एवढं तरी असतं, तुझ्या फाईलीत तेवढं बी न्हाय. तिला राग आला. म्हणाली, माप लहान पडलं आबा, मोठं घेते. मी म्हणालो, घे, पण लवकर घे. तिनं घाईनं कुठं तरी एक शब्द जोडला अन् परत चालवला. तो घाईचा शब्द माझ्यामुळं जोडला गेला असं ती अजून म्हणते. मी मानत न्हाय. मी फक्त उभा होतो.

या खेपेला चित्र दिसायला लागलं. ढाब्याची मागची बाजू, टाकी, तळावरचे ट्रक. नात चित्र पळवत होती. माझा बोकड आला, कोबीची पानं खाल्ली, एका गिऱ्हाइकाच्या ताटातला कांदा पळवला. मला भरून आलं. मग दुपारी बाराच्या सुमाराला मालक आला. त्यानं बोकडाच्या गळ्यात दोरी घातली अन् त्याला ओढत स्वयंपाकघराच्या मागं नेलं.

अन् तिथं फाईल संपली.

नात म्हणाली, एवढ्यात कशी संपंल? दिवस तर रात्रीपर्यंतचा हाय. मी ऐकायला थांबलोच न्हाय. मी म्हणालो, मला जे बघायचं ते दिसलं. ती म्हणाली, आबा, हे पुरतं न्हाय, प्रोग्राम मधीच तुटतोय, मी अजून तपासलेलं न्हाय. मी म्हणालो, दोरी तुझ्या प्रोग्रामनं घातली का? अन् ती डिस्क वायरीसकट उपटून टॉवेलात गुंडाळली अन् चालता झालो.

ढाब्यात तवा चार-पाच ड्रायव्हर जेवत होते. मी लिंबाखाली उभा राहिलो अन् सगळ्यांना ऐकू जाईल असं मालकाला म्हणालो, "बोकडाच्या गळ्यात दोरी कुणी घातली? ह्याच्यात सगळं हाय." टॉवेल उलगडून डिस्क दाखवली.

ड्रायव्हरांनी जेवण थांबवून डिस्क बघितली. डिस्कवर काही दिसत नव्हतं. एकानं ती हातात घेऊन उलटी करून बघितली अन् परत दिली. मालक शांत होता. म्हणाला, दोरी मी घातली, गिऱ्हाइकाच्या ताटात तोंड घालत होता, सावलीला नेऊन बांधला. मी म्हणालो, बांधला अन् मग?

तो म्हणाला, "मग काय ते तुम्हीच दाखवा दाजी. तुमच्या टॉवेलात हाय म्हणता."

टॉवेलातनं काही दाखवता येण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, मटण खाऊ घातलंस मला. तेव्हा मात्र त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, मटण तुमच्या पानात वाढलं ते तुम्ही बहिणीच्या घरचे म्हणून. मग तो लिंबाखाली गेला, माझी बाज उचलली, आत नेली अन् भिंतीला उभी करून ठेवली. बाज उभी केलेली मी आजवर कुणाच्या दारात बघितली नव्हती, सुतक असल्याशिवाय.

घरी आलो तर नात ओट्यावर तशीच बसलेली. म्हणाली, आबा, या, तुमच्यासाठी एक आकडा काढून ठेवलाय. पडद्यावर एवढा लांब आकडा होता की या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचायला मान फिरवावी लागत होती. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, तुम्ही डिस्क घेऊन गेलात तवा मी प्रोग्राम सुधारून चालवला. डिस्क जाग्यावर न्हाय, अन् प्रोग्राम म्हणतोय फाईल एवढी मोठी हाय. मी म्हणालो, हिच्यात तर साऱ्या जिल्ह्याची ज्वारी दाण्यादाण्यानं मोजली तरी जागा उरंल. मघाशी न्हाय त्याच्यापेक्षा कमी, मग दुपारपर्यंत, आता हे. तुझं मशीन दारू पितं का?

तिनं डिस्क माझ्या हातातनं घेतली. म्हणाली, बसा. मी बसलो. उपाशी होतो, उभं राहवत बी नव्हतं.

ती म्हणाली, "आबा, बाजारात तुमच्या बोकडाचं वजन किती भरलं होतं?"

मी म्हणालो, अठ्ठावन्न.

"काट्यानं किती सांगितलं?"

मी म्हणालो, ते काट्याचं सोड, तो काटा पन्नासाचा, खिळा तुटलेला...

मी तिथंच थांबलो. माझी गोष्ट मला एवढी पाठ, की ती मी झोपेत बी पुरी सांगतो. त्या दिवशी पहिल्यांदा मधी थांबलो.

मग तिनं सांगितलं ते असं. कॉम्प्युटरला कुठलाही आकडा ठेवायला काटा निवडून द्यावा लागतो. या सी भाषेत तर जास्तच, कारण ती भाषा आपल्या व्यापाऱ्यासारखी, दिलं ते टांगते, विचारत न्हाय. तिनं पहिल्यांदा जो काटा घेतला होता त्याचं नाव इंट. तो दोनशे चौदा कोटीपर्यंत जातो अन् त्याच्यापुढं गेला की फिरून थेट उण्यात जाऊन पडतो. फाईल होती सातशे कोटीच्या आसपास. म्हणून उणे दीडशे कोटी. मग मी डोक्यावर उभा होतो म्हणून तिनं घाईनं उणं न दाखवणारा काटा घेतला. पण तो बी तेवढाच लहान, चारशे एकोणतीस कोटीचा. सातशेतनं एक फेरा चारशे एकोणतीसचा गेला, मागं राहिले दोनशे एकाहत्तर. प्रोग्रामला वाटलं फाईल तेवढीच. त्यानं तेवढी वाचली अन् दुपारी बाराला दुकान बंद केलं.

ती म्हणाली, उणे आकडा आला ते बरं होतं, काही तरी चुकलंय हे कळलं तरी. दुसरा आकडा दिसायला चांगला होता म्हणून आपण फसलो. काटा आठावर थांबला की माणूस आठ म्हणतो.

मी विचारलं, अन् हा लांबलचक? ती म्हणाली, डिस्क न्हाय म्हणून मशीननं मला उणे एक सांगितलं. फाईलीचं माप न्हाय ते, नुसती खूण, की फाईल मिळाली न्हाय. मी ती खूण बघितली न्हाय अन् उणं ठाऊक नसलेल्या मोठ्या काट्यावर टांगली. शून्यावरनं काटा एक घर मागं ढकलला तर तुमच्या व्यापाऱ्याच्या तबकडीवर कुठं जाईल? मी म्हणालो, एकोणपन्नासावर. ती म्हणाली, तसंच. माझी तबकडी मोठी, म्हणून आकडा बी मोठा.

आता काय करणार म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, आता दोन गोष्टी. पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठाच काटा धरायचा, मधी कुठं लहान येऊ द्यायचा न्हाय. अन् जिथं लहान काट्यावाचून गत्यंतरच न्हाय, तिथं टांगण्याआधी विचारायचं, बसतंय का? न बसलं तर थांबायचं अन् बसत न्हाय म्हणून सांगायचं. गप टांगायचं न्हाय. मी म्हणालो, हा खिळा झाला. ती म्हणाली, हो आबा, खिळाच.

या वेळी मी तिच्या डोक्यावर उभा राहिलो न्हाय. शेतातनं एक चक्कर मारून आलो. आलो तवा तिनं सगळ्या जागा तपासून खिळे मारलेले होते. डिस्क लावली, प्रोग्राम चालवला. आकडा आला सातशे कोटीच्या घरातला. तो तिनं डिस्कवरच्या आकड्याशी ताडून बघितला, मगच चित्र लावलं. बायको बी येऊन मागं उभी राहिली. जेवण न्हाय की बोलणं न्हाय, असे आम्ही तिघं त्या पडद्याकडं बघत बसलो.

बारा वाजले. मालकानं बोकड ओढत नेला. पण या खेपेला फाईल पुढं गेली. त्यानं बोकड सावलीला खुंट्याला बांधला, समोर पाण्याची बादली ठेवली, वर कोबीचा एक गड्डा बी टाकला अन् आत निघून गेला. बायकोनं माझ्याकडं बघितलं.

मग बराच वेळ काही न्हाय. मग एक म्हातारा टॉवेल खांद्यावर टाकून टाकीकडं आला. चालणं मोठं ऐटीत. मी म्हणालो, हा कोण? बायको म्हणाली, बघा नीट. म्हाताऱ्यानं तोंड धुतलं, वळला, बांधलेला बोकड बघितला, कमरेवर हात ठेवून स्वयंपाकघराच्या दिशेनं काही तरी बडबडला अन् वाकून दोरी सोडली.

नातीनं चित्र थांबवलं.

माझा बोकड बांधलेला मला चालत न्हाय, ही काय आजची गोष्ट न्हाय. बांधलेला दिसला की माझा हात दोरीकडं जातोच. पाणी प्यायलेलं कुणी ध्यानात ठेवतं का? मी सोडला हे खरं. पण ट्रकात चढ असं मी त्याला सांगितलेलं न्हाय.

कारण पुढं तेच झालं. तळाच्या कडेला मातीचा उंचवटा हाय, त्याला लागून एक कोबीनं भरलेला ट्रक उभा होता. ताडपत्री एका कोपऱ्यात सुटलेली. बोकड रमतगमत उंचवट्यावर गेला. एकदा मागं बघितलं. मग घरच्या ओट्यावर चढावं तसा कोबीवर चढला, दोन गड्डे खाल्ले अन् पाय पोटाशी घेऊन खाली बसला. म्हातारा तोवर पुढं बाजेवर झोपलेला. ड्रायव्हर आला, ताडपत्री ओढली, दोर आवळला, अन् ट्रक हैदराबादकडं निघून गेला.

माझ्या पोटातली शिंगं त्या ट्रकाबरोबर गेली. मी बायकोला म्हणालो, भाकरी वाढ. ती म्हणाली, आधी ढाब्यावर जावा.

नात म्हणाली, आबा, मी जाऊन सांगते त्यांना. मी म्हणालो, मी अजून मेलो न्हाय. अन् उपाशीपोटी ढाब्यावर गेलो. तो रस्ता कधी एवढा लांब नव्हता.

मालक गल्ल्यावर बसलेला. बाज आत भिंतीला उभीच. मी उभ्या उभ्या म्हणालो, फोन लाव. तो म्हणाला, कुणाला? मी म्हणालो, त्या दिवशीच्या कोबीच्या ट्रकवाल्याला. मग जागचा न हलता फोन लावला अन् आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला. ड्रायव्हर हैदराबादेत माल उतरवून परतीच्या भाड्याची वाट बघत होता. काळ्या बोकडाचं नाव काढताच तो म्हणाला, "वो तुमारा है क्या? आधी गोबी खा गया, अब नीचे उतरता नहीं. केबिन में आके बैठरा उने."

मालकाच्या ओठाचा एक कोपरा हलला. मी बघितला. पण चहा विचारला न्हाय त्यानं. मी घरी आलो. त्या दिवशी जेवलो खरं, पण चव लागली न्हाय.

परतीच्या फेरीला ट्रक ढाब्यावर थांबला. बोकड खरंच ड्रायव्हरशेजारी बसलेला, खिडकीतनं मान बाहेर काढून. सगळा गाव जमला. बोकड उतरला, माझ्याकडं न येता आधी मालकाच्या हातातली कोबीची पानं खायला गेला. एवढा प्रवास करून बी त्याला अक्कल आली न्हाय.

मी म्हणालो, वाळलाय. ड्रायव्हर म्हणाला, वाळंल कसा, माझा माल खाऊन आलाय. मी म्हणालो, वाळलाय, मला दिसतंय. मालक आत गेला अन् आपला घड्याळी काटा घेऊन आला. ढाब्यात कांदे मोजायला असतो तो, पंचवीस किलोचा, खिळा ह्याचा बी तुटलेला. लिंबाच्या फांदीला टांगला. त्यानं अन् ड्रायव्हरनं मिळून बोकड झोळीत घातला. काटा फिरला, एक फेरा मारला, दुसरा मारला, अन् नवावर येऊन थांबला.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. ड्रायव्हरांना माझी गोष्ट ठाऊक, गावाला ठाऊक. नात बायकोशेजारी उभी होती, तिनं ओठ दाबून धरले होते. आता म्हातारा तंगड्याचं बोलंल, अन् आपण हसायचं, म्हणून सगळे तयार. मालक मात्र काट्याकडं बघत होता, माझ्याकडं न्हाय.

मी म्हणालो, "काटा लहान हाय. एवढ्याशा काट्यावर कुणालाच टांगायला नको होतं मी."

कुणी हसलं न्हाय. गोष्ट अशी संपत न्हाय, हे त्यांना ठाऊक होतं. मालकानं बोकड झोळीतनं काढला. मग तो आत गेला अन् भिंतीला उभी केलेली बाज उचलून आणून लिंबाखाली टाकली. वरची धूळ आपल्या टॉवेलानं झाडली.

म्हणाला, "बसा दाजी. आज मटण हाय."

मी बसलो. बसल्यावर आधी वळून बघितलं, बोकड कुठं हाय ते. तो मालकानं सावलीला बांधला होता. माझा हात दोरीकडं गेला न्हाय असं मी म्हणणार न्हाय, पण बाजेवरनं तो दोरीपर्यंत पुरत नव्हता.